सॅटिनवूडचा पंखा

टेबल गालिच्यावर उलटं ठेवलं होतं, पाय वर करून. बामजीशेठ त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसले होते आणि टॉर्चचा झोत टेबलाच्या पोटात फिरवत होते. जुन्या विलायती सामानाची पारख हा त्यांचा धंदा होता आणि त्यासाठीच त्यांना मुंबईहून आणलं होतं.

"मिस्त्री," ते वर न बघता म्हणाले, "हा आतला लाकूड कोणता?"

"सागवान दिसतंय, साहेब."

"दिसतंय नाय, सागवानच हाय. विलायतेत बनलेल्या टेबलाच्या पोटात सागवान कुठून आला? तिथे वरून सॅटिनवूडचा पातळ पापुद्रा चिकटवत आणि आत पाइन घालत, नाय तर ओक."

मिस्त्री म्हणजे माझे वडील, त्रिंबक शिरसाठ. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. ते दाराजवळ टोपी हातात धरून उभे होते आणि हत्यारांची पिशवी घेऊन मी त्यांच्या मागे.

देवळाली कॅम्पातला तो बंगला पेरीनबाई सुखियांचा. बाई साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. समोरच्या कोचाच्या एका टोकाला त्या आणि दुसऱ्या टोकाला त्यांच्या धाकट्या बहीण दीनाबाई बसल्या होत्या. दोघींमध्ये बरीच जागा मोकळी होती. सकाळपासून त्या एकमेकींशी बोलल्या नव्हत्या, असं आम्हाला दार उघडणाऱ्या बाईनं हळूच सांगितलं होतं.

भांडणाचं मूळ ते टेबलच होतं. खरं तर अशी दोन टेबलं होती, अर्धचंद्राच्या आकाराची. भिंतीला लावून ठेवली की दोन कमानींसारखी दिसायची आणि जोडली की एक पूर्ण गोल व्हायचा. त्यांच्या आजोबांनी एका साहेबाच्या लिलावात ती जोडी घेतली होती. वडील गेले तेव्हा एकेका मुलीला एकेक, असं ठरलं होतं. पण जोडी फोडायची नाही म्हणून पेरीनबाईंनी दोन्ही देवळालीलाच ठेवली. मग एकाला वाळवी लागली. जोडीचा रंग एकसारखा राहावा म्हणून बाईंनी दोन्ही आमच्या कारखान्यात पाठवली. आण्णांनी वाळवीचं दुरुस्त केलं, दुसऱ्याला नुसतं पॉलिश केलं आणि दोन्ही परत दिली. त्यानंतर दीनाबाईंच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा पेरीनबाईंनी त्यातलं चांगलं, वाळवी न लागलेलं टेबल बहिणीकडे मुंबईला धाडलं आणि दुरुस्त केलेलं स्वतःकडे ठेवलं.

मुंबईत बामजीशेठनी ते बघितलं आणि सांगितलं, हे टेबल जुनं नाही. दीनाबाईंचा समज झाला की बहिणीनं अस्सल कुठंतरी दडवून आपल्या गळ्यात नक्कल मारली. ट्रकवर टेबल चढवून, बामजींना गाडीत घालून त्या थेट देवळालीला आल्या होत्या, आणि पेरीनबाईंनी आण्णांना बोलावणं धाडलं होतं.

"पेरीन, तू फक्त खरं सांग," दीनाबाई आता पहिल्यांदा बोलल्या. आम्हालाही कळावं म्हणून असेल, त्या मराठीत बोलल्या. "मला टेबल नको. पण तू मला फसवलं की नाय, तेवढं सांग."

पेरीनबाई आण्णांकडे वळल्या. "त्रिंबकभाई, तुम्हीच सांगा हिला. टेबल तुमच्या हातात होता. मी काय बदलला त्यात?"

आण्णा एक पाऊल पुढे आले. "बाई, मी फक्त पॉलिश केलं. आलं तसं परत दिलं."

आण्णा कधी खोटं बोलत नसत. निदान मी तरी त्यांना खोटं बोलताना पकडलं नव्हतं. मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि मनात पेरीनबाईंविषयी वाईट विचार येऊ लागला.

"सुलटा करा," बामजी म्हणाले.

आण्णांनी आणि मी टेबल उचलून सरळ उभं केलं. खिडकीतून उजेड थेट त्याच्या पृष्ठभागावर पडला.

अशा टेबलाच्या मधोमध पंख्याची नक्षी असते. पिवळसर सॅटिनवूडमध्ये फिकट लाकडाच्या निमुळत्या पाकळ्या एकाशेजारी एक बसवलेल्या, उघडलेल्या हातपंख्यासारख्या. प्रत्येक पाकळीची एक कड तपकिरी, जशी सावली पडलेली. ती सावली रंगवलेली नसते. कढईत बारीक वाळू तापवायची आणि पाकळीची कड त्या वाळूत खुपसायची. लाकूड हळूहळू भाजतं, आणि वाळूच्या आत तळाकडे धग जास्त असल्यानं आपोआप गडदपासून फिकटपर्यंत छटा उतरते. सगळ्या पाकळ्या बसवल्या की सपाट लाकूड चुण्यांचं दिसायला लागतं. हात फिरवला तरच कळतं की तिथं चढउतार काही नाही.

माझी नजर त्या पंख्यावर गेली आणि तिथंच अडकली. तो मी केलेला पंखा होता.

आपल्या हातची भाकरी दहा भाकऱ्यांत ओळखू येते, तसं ते होतं. आदल्या वर्षी, पेरीनबाईंची टेबलं कारखान्यात असताना, आण्णा म्हणाले होते की मुंबईच्या एका डेकोरेटरला याची हुबेहूब नक्कल हवी आहे. तो नव्या हॉटेलचं काम करतोय, हे पसंत पडलं तर सगळ्या हॉटेलचं लाकूडकाम आपल्याला देणार आहे. सांगाडा आण्णांनी केला. पंखा मी. त्यांची बोटं तेव्हा थरथरायला लागली होती आणि ही गोष्ट आमच्या दोघांतच होती. लग्न मोडून मी माहेरी परत आले होते, वेळ जावा म्हणून कारखान्यात बसायला लागले आणि हळूहळू जडावाचं, लाकडात लाकूड बसवायचं, सगळं काम माझ्याकडे आलं. गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्री, काय हात आहे तुमचा. आण्णा मान हलवायचे. मीही काही बोलायची नाही. बापाच्या थरथरत्या बोटांवर पांघरूण घालणं मला जड नव्हतं.

आता मला सगळं कळलं. हॉटेलच्या कामापायी डेकोरेटरकडे गेलं ते पेरीनबाईंचं अस्सल टेबल. इथं परत आलं ते आमचं.

मी आण्णांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

बामजी मात्र टेबलाकडे झुकले होते. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि पंख्यावरून फार सावकाश फिरवलं. परत फिरवलं. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल होत गेल्या.

"अरे," ते स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्यानं, "दीनाबाई, मी एक चूक केली. मुंबईत मी आतूनच बघितला. पॉलिश जाड होता, उजेड नव्हता, वरचा काम नीट बघितला नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे सांगाडा नवा हाय, पण वरचा पंखा जुना हाय. हा पंखा आजचा नाय." ते उठून उभे राहिले. त्यांच्या आवाजात एकदम उत्साह आला होता. "त्या जमान्यात काय झाला, इटलीमध्ये जमिनीखालून जुनी रोमन शहरं निघाली. विलायतेचे लोक बघून आले आणि म्हणाले, आम्हाला पण असाच पाहिजे. मग ते जुने वाकडे, जाड पाय गेले. सरळ, निमुळते पाय आले. फुलांच्या माळा, कलश, असे पंखे. सगळा काम पातळ, नाजूक. वरती काय कोरायचा नाय, लाकडातच लाकूड बसवायचा. तसा हा हाय."

"पण आत सागवान?" दीनाबाईंनी विचारलं.

"वाळवी. इंडियात आला, वाळवीनं सांगाडा खाल्ला, कोणीतरी जुना वरचा भाग काढून सागवानाच्या सांगाड्यावर बसवला. मी असे पुष्कळ बघितले. मिस्त्री, असा होऊ शकतो का नाय?"

आण्णा खिडकीतून वळले. "होऊ शकतं, साहेब. हा वाळवीचाच मुलूख आहे. माझ्या आधी कुणीतरी केलं असेल."

"पप्पांच्या टाइमला एकदा नाशिकला पाठवला होता," पेरीनबाई घाईनं म्हणाल्या. "मला याद हाय. दीना, तू तेव्हा शाळेत होती."

दीनाबाईंनी रुमालानं डोळे टिपले. मग त्या कोचावर थोड्या सरकल्या, बहिणीच्या बाजूला. "मी तुला काय काय बोलले, पेरीन."

"जाऊ दे."

"नाय, मी बोलले."

पेरीनबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि दाराकडे बघून चहा आणायला सांगितलं. मिस्त्रींना पण, त्यांच्या मुलीला पण, असं म्हणाल्या. आण्णांचे खांदे खाली आले. मी इतक्या जवळ उभी होते की त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. सगळं मिटलं होतं.

मला आजही ते नीट आठवतं. मी पिशवी खाली ठेवली होती. चहा घ्यायचा, पायऱ्या उतरायच्या आणि बस पकडायची, एवढंच उरलं होतं. आण्णांना जे विचारायचं ते घरी विचारता आलं असतं.

बामजी अजून टेबलापाशीच होते. त्यांनी बोटाचं टोक पंख्याच्या पाकळ्यांवरून अलगद नेलं.

"हा हात आता गेला," ते म्हणाले. "इंडियात तर कधी नव्हताच. विलायतेत पण आज कोणाला जमणार नाय. ही सावली बघा. असा कारागीर परत जन्माला येणार नाय."

"तो पंखा माझा आहे," मी म्हणाले.

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. पेरीनबाईंना वाटलं मी चहाबद्दल काही बोलले. लेकीला हाक मारावी तसं त्या म्हणाल्या, "काय, डिकरी?"

"टेबलावरचा पंखा मी केलाय. मागच्या वर्षी. आमच्या कारखान्यात."

"रत्ना, गप," आण्णा म्हणाले.

बामजी हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलीकडे बघून हसावं तसं हसले. "बाई, तुम्ही काहीतरी दुसरा काम केला असेल. हा असा काम..."

"कढईत वाळू तापवायची," मी म्हणाले. "नदीची नाही, ती जाड पडते. चाळून घेतलेली बारीक. पाकळी चिमट्यात धरून तिची कड वाळूत घालायची. तिथं घड्याळ चालत नाही, वासावर राहायचं. बडीशेप भाजल्यासारखा वास आला की काढायची. करपट वास आला म्हणजे ती पाकळी गेली. भाजल्यावर लाकूड आकसतं, म्हणून आधीच थोडी मोठी कापायची. डावीकडच्या पाकळ्यांना मी सावली जरा कमी ठेवली आहे, कारण मूळच्या टेबलातही तशीच होती. बघा."

बामजींनी बघितलं नाही. ते माझ्या हातांकडे बघत होते. वाळूच्या कढईनं भाजल्याचे डाग तेव्हा माझ्या बोटांवर असायचे. मग त्यांनी आण्णांकडे बघितलं, आणि त्यांच्याबरोबर खोलीतल्या सगळ्यांनी.

आण्णांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली. आता ती घालावी की हातात धरावी हे त्यांना कळत नव्हतं. त्यांची बोटं थरथरत होती आणि ती लपवायला त्यांच्याजवळ काही नव्हतं.

"मूळचा टेबल कुठे हाय, त्रिंबकभाई?" पेरीनबाईंनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"गेलं, बाई. मुंबईला. तिथून पुढे विलायतेला गेलं म्हणतात."

"माझ्या घरात तुम्ही किती वर्षे येता?"

त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

"मी माझ्या बहिणीसमोर तुमच्या शब्दावर उभी होते," बाई म्हणाल्या. "तुम्ही मला तिथे उभी राहू दिली."

चहाचा ट्रे आला आणि तसाच परत गेला. पेरीनबाई उठल्या आणि मला वाटलं त्या आता आम्हाला घालवून देणार. पण त्या माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आपल्या बापाच्या विरुद्ध खरं बोलायला छाती लागते," त्या म्हणाल्या. "तू माझी अब्रू वाचवली, डिकरी. मी पोलिसात जाणार नाय, ते फक्त तुझ्यासाठी. मिस्त्री, तुम्ही परत ह्या घरात यायचा नाय. ती येईल."

बसमध्ये आण्णा खिडकीशी बसले आणि मी त्यांच्या शेजारी. नाशिकच्या स्टँडवर उतरून आम्ही चालत निघालो. घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, आईच्या फोटोला नमस्कार केला आणि अंगणात खाट टाकून पडले. मी त्यांना काही विचारलं नाही. जे विचारायचं होतं त्याचं उत्तर त्या खोलीतच मिळालं होतं.

हॉटेलचं काम आलं नाही. डेकोरेटरनं ओळख दाखवायचंही सोडलं. आण्णांनी हळूहळू कारखान्यात येणं कमी केलं. आले तरी पटाशीला धार लावून द्यायचे, सरस शिजवायचे आणि गिऱ्हाईक आलं की मागच्या खोलीत जायचे.

पेरीनबाईंनी आपल्याकडचं, वाळवीचं दुरुस्त केलेलं अस्सल टेबल बहिणीला देऊन टाकलं आणि माझं टेबल स्वतःच्या दिवाणखान्यात ठेवलं. घरी कुणीही आलं की त्या त्याला टेबलापाशी नेत आणि ती दुपार सांगत. कधी मी तिथं असले तर मला उभं करून सांगत. कॅम्पातल्या चर्चच्या वेदीचं काम मला त्यातूनच मिळालं. संस्थानिकांच्या घरची कपाटं आली, पुढे पुण्याच्या एका संग्रहालयानं बोलावलं. लोक म्हणायचे, तिच्याकडे द्या, ती बाई खोटं करणार नाही. माझ्या कामाविषयी ते नंतर बोलायचे. आधी बोलायचे ते माझ्या खरेपणाविषयी. मी खाली मान घालून ऐकायची आणि त्यालाही लोक माझा नम्रपणा म्हणायचे.

बऱ्याच वर्षांनी आमच्या समाजाच्या मेळाव्यात माझा सत्कार ठेवला. सुताराच्या घरातली बाई एवढं नाव काढते, म्हणून. मी आण्णांना म्हणाले होते, तुम्ही येऊ नका, गर्दी असेल. ते आले. पांढरं धोतर, नवा कोट घालून पहिल्या रांगेत बसले.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि मला जी भीती होती तेच झालं. त्यांनी देवळालीची गोष्ट काढली. आण्णांचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण "प्रत्यक्ष जन्मदात्यासमोर" असं म्हणाले. "नात्यापेक्षा सत्य मोठं, हे या भगिनीनं दाखवून दिलं." सभागृहात टाळ्या वाजल्या. मी व्यासपीठावरून खाली बघितलं. आण्णाही टाळ्या वाजवत होते. त्यांचे हात आता एवढे थरथरायचे की एक तळवा दुसऱ्यावर नीट पडत नव्हता, तरी ते थांबले नाहीत. शेजारच्या माणसांनी त्यांच्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

माझ्यापुढे माइक आला. मला तिथं सगळं सांगता आलं असतं. मी आभार मानले आणि बसले.

परत येताना रिक्षात आम्ही दोघंच होतो. शाल, श्रीफळ माझ्या मांडीवर. शालिमारचा चौक मागे पडला. मग मी म्हणाले, "आण्णा, त्यांनी ते बोलायला नको होतं. मी त्यांना आधीच सांगायला हवं होतं."

"बोलू दे. त्यांना तसं वाटतं."

"तुम्हाला त्रास झाला."

"मी केलं त्याचा त्रास मलाच व्हायचा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुला ठाऊक आहे, मी पकडला कसा गेलो? आत पाइन घालायला पाहिजे होतं. कारखान्यात खोक्यांचं पाइन पडलेलंही होतं. पण स्वतःच्या हातच्या टेबलात खोक्याचं लाकूड घालायला मन धजेना. सागवानच घातलं. कुणाला दिसणार नव्हतं, तरी घातलं."

ते हसले. त्या गोष्टीवर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"रत्ना, एक विचारू? त्या दिवशी तो शेठ म्हणाला असता की पंखा अगदीच साधा आहे, कुणीही करेल असा आहे. तर तू बोलली असतीस?"

मी मांडीवरची शाल सारखी करू लागले.

"पेरीनबाई चहा सांगत होत्या. दोघी बहिणींचं मिटलं होतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, एखाद्या सांध्याची बैठक तपासावी तसं ते बोलत होते. "मी तुझ्याकडेच बघत होतो तेव्हा. मला वाटलं, सुटलो. मग त्यानं बोट फिरवलं आणि म्हणाला, असा कारागीर परत जन्माला येणार नाही. तेव्हा तुझा चेहरा बघितला आणि मला कळलं, ही आता बोलणार. तू माझं नाव घेतलंच नाहीस, पोरी. तू तुझं घेतलंस."

रिक्षावाल्यानं आमच्या गल्लीत गाडी वळवली. मला शाल डोक्यावरून ओढून घ्यावीशी वाटली. इतकी वर्षं, चर्चमध्ये, संग्रहालयात, पेरीनबाईंच्या दिवाणखान्यात, लोक ज्याच्यासाठी माझे हात धरत होते ते माझ्याजवळ नव्हतंच. आणि हे ज्याला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं तो माणूस पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

"तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलायचं? मी चोर होतो ते खरंच होतं." रिक्षा थांबली. उतरण्यासाठी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय खाली टाकता टाकता म्हणाले, "आणि पंखा चांगलाच झाला होता. माझ्या चांगल्या दिवसांतही माझ्यानं तसा झाला नसता."

माझ्या कामाला ते चांगलं म्हणाले, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मी त्यांना धरून घराच्या दारापर्यंत नेत होते, त्यांचा सगळा भार माझ्या हातावर होता, आणि मला आनंद झाला होता.